कलमं विकू नका, आधी रँक येऊ द्या

वाचकांची पत्रं, डॉक्टरबाईंची उत्तरं

गेल्या अंकात मी लेप्टोवर लिहिलं होतं, म्हणून या वेळी तापाची पत्रं येतील असं धरून बसले होते. आली ती मार्कांची. एमबीबीएसचे निकाल लागले की आमच्या पोस्टमनला आधी कळतं. बारा-तेरा पत्रांतली चार इथे घेतली आहेत. उरलेल्यांत प्रश्न तेच, गावं तेवढी वेगळी.

आदरणीय डॉक्टरबाई, माझा मुलगा सरकारी कॉलेजात एमबीबीएसला होता. शेवटच्या वर्षी मेडिसिनमध्ये नापास झाला, सप्लिमेंटरीला सुटला. आता इंटर्नशिप सुरू होईल. सगळे मिळून ५६ टक्के आहेत, बरोबरच्या मुलांना सत्तरच्या पुढे. माझे दीर म्हणतात, एवढ्या मार्कांवर याला नोकरी कोण देणार आणि एमडी तर विसराच. यजमान एसटीत होते, आता निवृत्त आहेत. देवगडला सासऱ्यांनी लावलेली साठ कलमं आहेत. एक गृहस्थ भेटले, म्हणाले, आत्ता थोडे पैसे भरलेत तर पीजीची सीट धरून ठेवतो. यजमानांच्या मनात बाग विकायची आहे. मुलगा खोलीत पडून असतो, बोलत नाही. पुन्हा बसून मार्क वाढवता येतात का?
— एक आई, कणकवली तालुका

ताई, शेवटून सुरू करते, कारण तेच तातडीचं आहे. त्या गृहस्थांचा फोन उचलू नका.

एम्ससारख्या काही केंद्रीय संस्था सोडल्या तर एमडी-एमएसच्या प्रवेशाला आता एकच परीक्षा, नीट-पीजी. साडेतीन तास, २०० प्रश्न, ८०० मार्क. बरोबर उत्तराला चार मिळतात, चुकलं की एक जातो. जी रँक येईल तिच्यावर काउन्सेलिंग, म्हणजे जागावाटपाच्या फेऱ्या. कॉलेज सरकारी असो, खासगी असो नाहीतर अभिमत विद्यापीठाचं, सीट मिळते ती राज्याच्या सीईटी सेलच्या किंवा केंद्राच्या एमसीसी या समितीच्या फेऱ्यांमधून. मॅनेजमेंट कोट्याची आणि एनआरआय कोट्याची फी वेगळी असते, जायचं मात्र याच दारातून. तुमच्या मुलाने अजून परीक्षाच दिलेली नाही. मग हे गृहस्थ धरून ठेवणार काय? बागेचा सौदा मोहोर बघून होतो हे तुम्हाला मी सांगायला नको. इथे तर अजून पालवीही फुटलेली नाही.

ते तुम्हाला आणखी एक गोष्ट सांगतील, की २०२३ साली पात्रता शून्य पर्सेंटाइलवर आणली होती, म्हणजे कुणालाही सीट मिळते. पहिलं खरं आहे, दुसरं नाही. जागा रिकाम्या राहत होत्या म्हणून सगळ्यांना फेऱ्यांत बसू दिलं, एवढंच. फेरीत बसणं निराळं आणि हवा तो विषय मिळणं निराळं.

आता मार्क. पास झालेल्या विषयाला पुन्हा बसून टक्के वाढवायची सोय एमबीबीएसला नाही. त्याची गरजही नाही, कारण नीट-पीजीच्या रँकमध्ये एमबीबीएसचे टक्के मिसळतच नाहीत. ७६ वाला आणि ५६ वाला त्या दिवशी एकाच रेघेवरून धावायला लागतात. ७६ वाल्याचा अभ्यास पक्का असेल, त्याचा त्याला फायदा होईलच, पण तो फायदा डोक्यातला, गुणपत्रिकेतला नाही.

तुमच्या दिरांचं मी चूक म्हणणार नाही. त्यांचं पंचांग जुनं आहे. आमच्या वेळी खरोखरच तसं होतं. पीजीचा प्रवेश एमबीबीएसच्या मार्कांवर, तोही ज्या विषयात एमडी करायचं त्या विषयाच्या मार्कांवर. मध्ये कुठे नापास झालेलं असेल तर त्याची वजावट. मी १९८२ साली सेकंड एमबीबीएसला फार्माकॉलॉजीत उडाले. व्हायव्हाला परीक्षकांनी विचारलं, डिजॉक्सिन, म्हणजे हृदयाचं औषध, जास्त झालं तर पेशंट काय तक्रार करतो? मळमळ सांगितली, उलटी सांगितली, नाडी बिघडते तेही सांगितलं. ते म्हणाले, "आणि?" मी गप्प. "त्याला सगळं पिवळं दिसतं, मॅडम." नापास काही तेवढ्यासाठी झाले नाही, थिअरीही पडलीच होती, पण लक्षात राहिलं ते पिवळं. पुढची तेहतीस वर्षं डिजॉक्सिन चालू असलेल्या प्रत्येक म्हाताऱ्याला मी विचारत आले, "पिवळा दिसता काय वो?"

१९८५ साली गायनॅकची यादी लागली. काचेच्या फळ्यात टाइप केलेली यादी, कार्बनची तिसरी प्रत असावी, अक्षरं पुसट. मी बोट लावून वाचत खाली आले आणि बोट कागदाच्या बाहेर गेलं. हॉस्टेलवर जाऊन रडले, घरी आठ दिवस कळवलं नाही. मग सरकारी नोकरीत शिरले आणि किनाऱ्यावरच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. एमडी गायनॅक झालेल्या माझ्या मैत्रिणींपेक्षा जास्त बाळंतपणं माझ्या हातून झाली असतील. हे फुशारकीने सांगत नाही. त्या गावाला दुसरं कुणी नव्हतंच. पण यादीतून खाली उतरलेल्या बोटाची आठवण आमच्या पिढीतल्या प्रत्येक डॉक्टरच्या घरात आहे, आणि काका-मामा तीच आजच्या मुलांवर ठेवतात.

मार्क अजिबात कुठे विचारत नाहीत असं मात्र नाही. जिल्हा परिषदेच्या, राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या कंत्राटी जागा निघतात. उमेदवार जास्त झाले की शेवटच्या वर्षाची टक्केवारी आणि अनुभव बघून यादी लावतात. बहुतेक जाहिरातींत अटेम्प्ट सर्टिफिकेट मागतात, म्हणजे कुठला विषय कितव्या खेपेला सुटला याचा कॉलेजचा दाखला. मुंबई-पुण्यात एका जागेला दहा जण येतात, तिथे त्याला हे टोचेल. आपल्याकडे? मी अशा निवड समितीवर बसलेली आहे. तीन जागा होत्या, दोन डॉक्टर आले, त्यातला एक "जरा चहा घेऊन येतो" म्हणून गेला तो गेलाच. उरलेल्या मुलीची गुणपत्रिका मी उघडली का ते मलाच आठवत नाही. "उद्यापासून येशील ना?" हे विचारल्याचं आठवतं.

तर मुलाला एक करायला सांगा. इंटर्नशिप संपल्याचा दाखला घ्यायला कॉलेजात जाईल त्याच दिवशी अटेम्प्ट सर्टिफिकेट, सगळ्या गुणपत्रिका आणि ट्रान्स्क्रिप्ट घेऊन यायचं. मुलं लाजेपोटी तो दाखला मागत नाहीत आणि मग मुलाखतीच्या आदल्या दिवशी एका कागदासाठी रात्रीची गाडी पकडतात.

आणि 'नोकरी कोण देणार' म्हणाल, तर सरकारच त्याला शोधत येईल. सरकारी कॉलेजात शिकलाय म्हणजे एक वर्ष सेवेचा बाँड आहे, नाही केली तर दहा लाख रुपये भरायचे. हा बाँड मुलांना शिक्षा वाटतो. मला तर वाटतं, ५६ टक्केवाल्या मुलासाठी याहून बरं वर्ष नाही. पगार मिळतो, हात बसतो, अनुभवाचा दाखला मिळतो. पुढे नियमित भरतीतून गट अ चा वैद्यकीय अधिकारी झाला तर मूळ पगाराची सुरुवातच ५६,१०० रुपयांपासून आहे, आणि सेवेतल्या डॉक्टरांना पीजीच्या जागांत राज्याने वेगळा वाटा ठेवलेला आहे. बाहेरून भांडून न मिळालेला विषय आत राहून मिळवलेली मुलं मला ठाऊक आहेत. केंद्राची कम्बाइन्ड मेडिकल सर्व्हिसेस परीक्षाही त्याने द्यावी. यूपीएससी घेते, लेखी ५०० मार्कांची, मुलाखत १०० ची. एमबीबीएस पास एवढंच तिला लागतं. बहुतेक पदांना वयाची अट ३२ आहे, म्हणून रेंगाळू नये.

बागेचं. रँक आल्यावर खासगी कॉलेजात हवा तो विषय मिळतोय आणि फी झेपत नाही, अशी वेळ आली तर तेव्हा कागद काढा, तेसुद्धा बँकेत तारण ठेवायला. कलम धरायला पाच-सहा वर्षं घेतं. विकायला रजिस्ट्रारकडची एक फेरी पुरते.

मुलगा बोलत नाही म्हणता, हे मी वाचून बाजूला ठेवणार नाही. शेवटच्या वर्षी, तेही मेडिसिनमध्ये पडणं फार लागतं. पाच वर्षं ज्यांच्याबरोबर जेवला ती बॅच पुढे निघून जाते. त्याला मार्कांबद्दल विचारू नका, केस कुठली आली होती ते विचारा. त्यावर तो बोलेल, कारण ती केस त्याच्या डोक्यात रोज चालू असणार. जेवण सुटलं असेल, झोप उडाली असेल, किंवा 'जगून काय करायचंय' असं काही तोंडून निघालं असेल तर अभ्यास, नीट, सगळं बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. डॉक्टर होणारा मुलगा स्वतःहून डॉक्टरकडे जात नाही. त्याला न्यावं लागतं.

मॅडम, माझं घर दापोलीला, कॉलेज घाटावर. मला दोन विषयांत मेडल आहे. इंटर्नशिप चालू आहे. बरोबरचे बरेच जण सही करून थेट अभ्यासिकेत जातात, दिवसभर अ‍ॅपवर प्रश्न सोडवतात. मी वॉर्डात थांबते तर वाटतं रँक हातची जातेय. अभ्यासिकेत बसते तर वाटतं हात बसणार नाही. मेडलचा पुढे काही उपयोग होतो का?
— एक इंटर्न

अगं, मेडल आईकडे दे. ती ते कपाटात साडीखाली ठेवेल आणि पाहुणे आले की काढेल. तो त्याचा खरा उपयोग. हाऊस पोस्टची, म्हणजे वॉर्डातल्या निवासी डॉक्टरच्या जागेची, यादी कुठे मार्कांवर लागत असेल तर तिथे तुला पहिली पसंती मिळेल, अर्जावर एक ओळ वाढेल. पुढच्या दोन-तीन वर्षांत त्या ओळीवर दुसऱ्या ओळी चढतात.

वॉर्ड की अभ्यासिका, यावर मी तुला कीर्तन ऐकवणार नाही. रँक लागतेच. एमडीशिवाय राहायचं नसेल तर परीक्षा द्यावीच लागेल. आमच्या वयाचे डॉक्टर 'रुग्णसेवा करा' म्हणून मोकळे होतात, पण २०० प्रश्नांचा पेपर त्यांना द्यायचा नसतो.

तरी एक रात्र सांगते. आमच्या ग्रामीण रुग्णालयात एक नवीन वैद्यकीय अधिकारी आला होता. मेडलवाला, तुझ्यासारखाच. हुशार, नम्र, मला आवडायचा. जूनमधली रात्र, वीज गेलेली, जनरेटर धडधडतोय. काजूच्या बागेतून एक बाई आणली, टाचेला दंश. नवऱ्याने प्लास्टिकच्या बरणीत मारलेलं फुरसंही आणलं होतं. मुलाने सगळं बिनचूक केलं. फुरशाच्या विषाने रक्त गोठत नाही हे त्याला पाठ होतं. काचेच्या नळीत दोन मिली रक्त घ्यायचं, वीस मिनिटं हलवायचं नाही, मग तिरकी करून बघायचं, हेही पाठ होतं. वीस मिनिटांनी नळी तिरकी केली, रक्त पाण्यासारखं वाहिलं. त्याने दहा व्हायल्स एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरचं इंजेक्शन, काढायला सांगितल्या.

आमच्या सिस्टर, निवृत्तीला आलेल्या, त्यांनी ती नळी हातात घेतली आणि नाकाला लावली. "डॉक्टर, ही साबणानं धुतलेल्या स्टँडातली." साबणाचा अंश राहिला की काचेच्या नळीतसुद्धा चांगलं रक्त गोठत नाही. कोरी नळी उघडली, पुन्हा रक्त घेतलं. मी दिव्याखाली खुर्ची टाकून बसले. वीस मिनिटांनी नळी उलटी केली तर गोळा तळाला घट्ट, खरवसासारखा. दर अर्ध्या तासाला पुन्हा बघितलं, पहाटेपर्यंत तेच. सूज घोट्याच्या वर गेली नाही. एकही व्हायल न लागता बाई दोन दिवसांनी घरी गेली. एएसव्ही म्हणजे सलाईन नव्हे. त्याच्या रिअ‍ॅक्शनने धडधाकट माणसाचं बीपी खाली जाताना मी पाहिलेलं आहे.

त्या मुलाचा काही दोष नव्हता. नळी कोण धुतं आणि कशाने, हे कुठल्याही प्रश्नसंचात नसतं. पुढे तो एमडी झाला, चांगल्या रँकने. फोन करतो तेव्हा सांगतो, टेबलाच्या खणात कोऱ्या काचेच्या नळ्या स्वतः आणून ठेवल्यात म्हणून.

माझा हिशोब असा. कॅज्युअल्टी, लेबर रूम आणि मेडिसिनचा वॉर्ड या पोस्टिंगांत अभ्यासिकेकडे फिरकू नकोस. बाकीच्यांत दुपारनंतर खुशाल बस, मी कुणाला सांगणार नाही. आणि कम्युनिटी मेडिसिनचे तीन महिने, ज्यांना तुमची मुलं सुट्टी समजतात, ते खेड्यातल्या केंद्रावर मागून घे. ओपीडी दुपारी संपते, मग संध्याकाळपर्यंत आंब्याखाली बसून शंभर प्रश्न सोडव. रात्री बाळंतीण येईल तेव्हा उठ.

रायगडातल्या, महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक केंद्रात १९७६ साली एक एमबीबीएस डॉक्टर रुजू झाले, हिंमतराव बावस्कर. लाल विंचू चावलेली माणसं त्यांच्यासमोर मरत होती. त्यांनी रात्र रात्र उशाशी बसून नाडी, बीपी, छातीतले आवाज लिहून ठेवले आणि ही माणसं हृदयावर ताण येऊन, फुप्फुसात पाणी भरून जातात हे दाखवलं. १९८२ साली ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, पुढे त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून माणसं वाचवली. एमडीही त्यांनी केलं आणि पुन्हा महाडलाच आले. २०२२ साली पद्मश्री मिळाली. सगळ्यांनी बावस्कर व्हावं असं नाही. पण त्या केंद्रावर ते सही करून अभ्यासिकेत गेले असते तर?

नोकरीबद्दल तू विचारलं नाहीस तरी सांगते. आपल्याकडे पहिली नोकरी फोनवर ठरते. रत्नागिरीचा किंवा चिपळूणचा कुणी सर्जन आरएमओ, म्हणजे रुग्णालयातला निवासी डॉक्टर, शोधत असला की तो तुझ्या युनिटच्या सरांना फोन करतो. "पोरगी कशी आहे?" सर दोन वाक्यांत सांगतात. मी स्वतः असे पन्नासेक फोन घेतले असतील. "हाक मारली की येते" एवढं म्हटलं की पलीकडचा विचारतो, कधीपासून पाठवता? आणि "हुशार आहे हो..." म्हणून मी जराशी थांबले, की पलीकडचा समजतो. टक्के मला आजवर एकाने विचारले, त्याला सून बघायची होती.

एक छोटी वही कर. किती टाके घातले, किती बाळंतपणं बघितली आणि किती स्वतः केली, नळी घालायचा पहिला प्रयत्न फसला तो का फसला, तारखेनिशी लिही. मुलाखतीत विचारलं तर सांगायला उपयोगी पडेल. नाही विचारलं तरी तुझं तुला कळेल कुठे जायचं राहिलं.

नेक्स्टचं काय, हे तुम्ही सगळेच विचारता. २०१९ च्या कायद्यात ती परीक्षा लिहून ठेवलेली आहे, २०२३ च्या जुलैतली सराव परीक्षासुद्धा ठरली होती आणि पुढे ढकलली. ती आली तर शेवटच्या वर्षाची परीक्षा आणि पीजीची रँक एकाच पेपरात येतील, आणि या सदरातली माझी निम्मी उत्तरं रद्द होतील. तोवर आहे ते आहे.

माझी नात मुंबईत एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिला इंग्लंड किंवा अमेरिकेला जायचं आहे. तिथे म्हणे इथले मार्क फार बघतात. ती साठ-बासष्टच्या आसपास असते. आत्तापासून काय करावं?
— निवृत्त मुख्याध्यापक, अलिबाग

गुरुजी, तुम्ही जन्मभर मार्क दिलेत, म्हणून तुम्हाला हे गमतीचं वाटेल. इंग्लंडात त्यांच्याच मुलांची पहिली नोकरी आत्ताआत्तापर्यंत वर्गातला क्रमांकही धरून ठरायची. वर्गाचे दहा भाग करून कोण कितव्या दहाव्यात, त्याप्रमाणे गुण. २०२४ पासून ते बंद केलं. आता मुलांनी पसंती लिहायची आणि प्रत्येकाचा क्रमांक संगणक चिठ्ठ्या टाकल्यासारखा काढतो. टॉपर मुलं चिडली, साहजिकच आहे. आपल्या मुलांना तिकडे प्लॅबच्या दोन परीक्षा द्याव्या लागतात, दुसरी मँचेस्टरला जाऊन. त्या पास की नापास एवढंच आहे. पण प्लॅब पास झालेल्या मुलांची तिथे आता गर्दी झाली आहे आणि पास होऊनही नोकरीविना बसलेली आहेत. आमच्या ओळखीतला एक मुलगा वर्षभर अर्ज करून परत आला. तेव्हा विमानाचं तिकीट घाईने काढू नये.

अमेरिकेचं उलटं. तिथे यूएसएमएलई परीक्षेची पहिली पायरी जानेवारी २०२२ पासून फक्त पास-नापास झाली. त्यामुळे दुसऱ्या पायरीच्या गुणांना वजन आलं. कॉलेजकडून ट्रान्स्क्रिप्ट जातं, नापास झालेला विषय त्यात दिसतो आणि मुलाखतीत विचारतातही. बासष्ट टक्क्यांनी दार लागत नाही. वारंवारच्या नापासाने लागू शकतं. नातीला सांगा, टक्के वाढवायच्या मागे लागू नको, विषय मागे ठेवू नको. आणि शिफारसपत्रं लागतात, ती देणारे सर तिला नावाने ओळखत असले पाहिजेत. दोनशेच्या वर्गात पाठीमागे बसून ते होत नाही.

डॉक्टरबाय, माझं मालवणात छोटं हॉटेल आहे. तुमच्या सदरात नेहमी पोरांचे मार्क. आम्ही पेशंट लोकांनी काय करायचं? डॉक्टरला किती मार्क होते ते बोर्डावर लिहायचा कायदा का नाही? आमच्या किचनचा परवाना तर भिंतीला लावावा लागतो.
— एक हॉटेलवाले

तुमचं बरोबर आहे, आणि परवाना आम्हालाही लावावा लागतो. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावलेला हवा आणि चिठ्ठीवरही छापलेला हवा. मार्कांपेक्षा तो वाचा. क्रमांक नसेल तर सरळ विचारा, खरा डॉक्टर रागावणार नाही. ती नोंदणीही जन्माची नसते. दर पाच वर्षांनी नूतनीकरण, आणि त्यासाठी व्याख्यानं, कार्यशाळा करून ३० क्रेडिट पॉइंट जमवावे लागतात. म्हणजे म्हातारपणीही आमची हजेरी लागतेच. मागच्या वेळी माझे दोन पॉइंट कमी पडले होते, रत्नागिरीला जाऊन मधुमेहावरच्या कार्यक्रमात दिवसभर बसले. जेवणात गुलाबजाम होते.

मार्क बोर्डावर लिहायचा कायदा झालाच तर मला फार्माकॉलॉजीचा १९८२ चा निकाल लावावा लागेल. मागे एकदा आमच्या नवीन डॉक्टरणीला एका माणसाने तोंडावर विचारलं होतं, किती टक्के म्हणून. ती बिचारी लाल झाली. रांगेत मागे एक म्हातारी होती, पायाचं गळू घेऊन आलेली. ती म्हणाली, "ह्या पोरीक मार्क किती पडले ता तुका काय करूचा? हात हलको आसा मां? मगे गप रव, माझो नंबर येऊं दे."